आमचं कुलूप चांगलं होतं

सुट्टी संपवून परत आलो त्या संध्याकाळी घराची किल्ली सापडेना. दोन्ही बॅगा दारातच उघड्या टाकल्या, खिसे उलटे केले, मी नवऱ्याकडे आणि नवऱ्याने माझ्याकडे पुरेसं बघून झालं. किल्ली प्रवासात कुठेतरी पडली होती. दुसरी होती, पण ती आत, कपाटात. शेवटी किल्लीवाल्याला फोन केला.

तो आला. वाकून पुढच्या दाराचं कुलूप पाहिलं, त्यावर बोटाने टिचकी मारली आणि म्हणाला, "कुलूप चांगलं आहे हो ताई. वेळ खाईल, कदाचित मोडावं लागेल. मागे दार आहे का?"

मागे दार होतं. तो घराला वळसा घालून गेला, आम्ही सामानापाशी थांबलो. घड्याळ काही मी पाहिलं नाही. मुलाच्या बुटाची नाडी सुटली होती, ती बांधून मी उभी राहते तोवर पुढचं दार आतून उघडलं. दारात तोच. "या," म्हणाला. आमच्याच घरात आम्हाला "या"!

तेव्हा हसू आलं. रात्री मात्र डोळा लागेना. निघायच्या आधी आम्ही मोठ्या हौसेने पुढच्या दाराला नवं, जाडजूड कुलूप बसवून घेतलं होतं आणि पंधरा दिवस त्याच्या भरवशावर निवांत फिरलो होतो. मागच्या दाराला होतं ते साधं लॅच. त्याची जीभ स्प्रिंगची, एका बाजूने उतरती. दार ओढलं की आपोआप लागतं, आणि फटीतून प्लॅस्टिकची पट्टी सरकवली की तितक्याच आपोआप मागे जातं. दाराला वरखाली कड्याही होत्या, पण निघायच्या घाईत त्या लावायच्या राहिल्या. कोणाकडून राहिल्या यावर आमच्याकडे आजही एकमत नाही.

दुसरी गोष्ट सकाळी कळली आणि ती मला जास्त लागली. शेजारचे काका कुंपणाशी भेटले. "काल तुमच्या मागच्या दाराशी कोणीतरी खटपट करत होता," म्हणाले. "हातात अवजारांची पिशवी होती. म्हटलं, तुम्हीच बोलावलं असेल."

आम्ही पुढच्या बाजूला उभे होतो, त्यांना दिसण्याची शक्यताच नव्हती. म्हणजे काकांनी पाहिलं ते एवढंच, की पंधरा दिवस बंद असलेल्या घराचं मागचं दार एका अनोळखी माणसाने उघडलं आणि तो आत गेला. ते बघून काकाही आपल्या घरात गेले. घर तुमचंच का, हे किल्लीवाल्याने आम्हाला विचारलं नव्हतं. तू कोण, हे काकांनी त्याला विचारलं नव्हतं. काकांना दोष देण्यात अर्थ नव्हता. चार वर्षं शेजारी राहून आम्ही त्यांच्याशी पाण्याची वेळ आणि पार्किंग यांपलीकडे फारसं बोललोच नव्हतो.

पुढच्या सुट्टीच्या तीन आठवडे आधी मी ठरवलं, यंदा हे काम नीट करायचं. कुलपांबद्दल वाचायला बसले आणि एका गोष्टीत अडकले. लंडनच्या जोसेफ ब्रामाने १७८४ साली एका कुलपाचं पेटंट घेतलं. १७९० पासून ते त्याच्या दुकानाच्या खिडकीत मांडलेलं होतं, उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनींचं बक्षीस. साठ वर्षं कोणाला जमलं नाही. १८५१ साली लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपकार पुढे आला. त्याने ते उघडलं, पण त्याला ५१ तास लागले, तेही सोळा दिवसांत विभागून.

५१ तास कुठे आणि आमची बुटाची नाडी कुठे! पण विचार करताना जाणवलं की हॉब्जला सोळा दिवस त्या कुलपापाशी बसू दिलं, कारण तो कोण आणि काय करतोय हे सगळ्यांना माहीत होतं. एरवी कुलूप फक्त वेळ काढून देतं. त्या वेळात "कोण आहे?" असं विचारणारं कोणी नसेल, तर पाच मिनिटांचं कुलूप काय आणि पन्नास तासांचं काय.

पहिलं काम केलं ते रस्त्यावर जाऊन उभं राहण्याचं. रात्री घरातले दिवे लावले, पडदे रोजच्यासारखे ठेवले आणि मुलाला घेऊन फाटकाबाहेर गेले. सातवीतल्या मुलाला असले उद्योग मनापासून आवडतात. "आई, मी चोर," म्हणून तो लगेच तयार. बाहेरून आमचं घर दुकानाच्या काचेसारखं दिसत होतं. टीव्ही किती मोठा आहे, लॅपटॉप कुठे पडलेला असतो, सगळं उघड. दाराशेजारच्या काचेतून भिंतीवरचा खिळा दिसत होता आणि खिळ्यावर गाडीच्या किल्ल्यांचा जुडगा. तिथे तो कितीतरी वर्षं लटकत होता. बाहेरून कसा दिसतो, हे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

मग चोराला सांगितलं, बाहेर एक किल्ली लपवली आहे, शोध. वीस सेकंदांत सापडली. पायपुसणं उचललं, काही नाही. कुंडी उचलली, मिळाली. "दुसरीकडे कुठे असणार?" असं वर मलाच विचारलं. ती कुंडीखालची किल्ली मी त्याच क्षणी कायमची आत नेली.

दारांसाठी सुतार बोलावला. मला वाटलं, मागच्या दाराला पुढच्यासारखं कुलूप बसवलं की संपलं. त्याने आधी चौकट तपासली. कुलपाचा बोल्ट चौकटीत जिथे जातो तिथे पत्र्याची एक पट्टी असते. तिचे स्क्रू त्याने काढून माझ्या तळहातावर ठेवले. दोन स्क्रू, जेमतेम अर्ध्या इंचाचे. "लाथ बसली तर कुलूप तुटत नाही ताई. हे उपटतात," म्हणाला. आणि हे दोन स्क्रू मागच्या दाराचे नव्हते, पुढच्याच दाराचे होते. हौसेच्या कुलपाचा सगळा जोर अर्ध्या इंचाच्या लाकडात अडकलेला होता. त्याने जाड पट्टी बसवली आणि तीन इंची स्क्रू चौकटीतून आरपार भिंतीत नेले. मागच्या दाराला स्प्रिंग नसलेला, किल्ली फिरवून पुढे सरकणारा चौकोनी बोल्ट बसला. तो पट्टी घालून मागे ढकलता येत नाही.

गच्चीच्या दाराकडे मी बोट दाखवलं नव्हतं, तो स्वतःच गेला. ते दार बाहेर उघडतं, त्यामुळे बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला. बिजागरीची सळई खालून ठोकून वर काढली की कुलूप लागलेलं असतानाच दार दुसऱ्या बाजूने निघतं. त्याने बिजागरीच्या एका पानातला स्क्रू काढून तिथे डोकं कापलेला जाड स्क्रू थोडा बाहेर ठेवून बसवला आणि समोरच्या पानातला स्क्रू काढून ते भोक मोकळं सोडलं. दार मिटलं की हा खुंट त्या भोकात जातो. आता सळई काढली तरी दार हलत नाही. दहा मिनिटांचं काम होतं. मला ते कुलपापेक्षा जास्त आवडलं. पाहुण्यांना मी अजूनही तो खुंट दाखवते, आणि नवरा अजूनही त्या वेळी दुसऱ्या खोलीत जातो.

खिडक्यांचा प्रश्न मुलाने सोडवला. सरकत्या खिडकीच्या खाचेत मापाचा दांडा आडवा ठेवला की ती बाहेरून सरकत नाही. जुन्या मॉपच्या दांड्याचे त्याने चार तुकडे केले. एक आखूड कापला गेला, त्यावर कागदाची घडी लावून भागवलं.

आता काका. गच्चीवरून खाली बघताना त्यांच्या बाजूच्या भिंतीला टेकवलेली शिडी दिसली. बरोबर आमच्या गच्चीच्या उंचीची. मी सरळ जाऊन म्हटलं, "काका, तुमची शिडी आमच्या गच्चीला लागते हो." माझं बोलणं जरा फटकळ आहे, ते मला मान्य आहे. काकांचा चेहरा उतरला. "शिडी काय कोणाला बोलवायला जाते का?" म्हणाले. मी परत आले, वाटलं, शेजार बिघडला. दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी आडवी पडलेली होती आणि साखळीने झाडाला बांधलेली होती. संध्याकाळी काका स्वतः कुंपणाशी आले. "किती दिवस जाणार आहात यंदा?"

त्या एका प्रश्नातून पुढचं सगळं निघालं. अर्धा तास आम्ही कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून बोललो. मी मागच्या वर्षीच्या किल्लीवाल्याची पूर्ण गोष्ट सांगितली. ऐकून काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी विचारायला पाहिजे होतं." मी म्हटलं, "आणि आम्ही सांगून जायला पाहिजे होतं."

काकूंचं डोकं या बाबतीत आमच्या सगळ्यांपेक्षा पुढे होतं. दारात साचलेली पार्सलं आणि पत्रकं उचलायची, हे मलाही सुचलं होतं. काकू म्हणाल्या, "नुसतं उचलून काय होतंय? तुमच्या दोरीवर मी आमचे दोन टॉवेल वाळत घालीन. एक दिवस टॉवेल, एक दिवस चादर. आणि यांची गाडी एखाद दिवस तुमच्या फाटकात लावू दे." भरल्या घराचं सोंग इतकं बारकाईने वठवायचं मला जन्मात सुचलं नसतं. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवणं आणि आत घेणं हेही त्यांनीच अंगावर घेतलं. मी एका कागदावर आमचे नंबर, कुठल्या दिवशी कोण येणार (कोणीच नाही) आणि पाण्याचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते लिहून दिलं. किल्ली दिली, तिच्यावर नाव-पत्ता न लिहिता फक्त एक लाल दोरा बांधला. एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली, काही वावगं दिसलं तर एकट्याने आत जायचं नाही. बाहेरूनच पाहायचं आणि आधी फोन करायचा.

घरात मात्र कॅमेऱ्यावरून वाद पेटला. नवऱ्याला कॅमेरा हवा होता, मला वाटत होतं की चोरीचं चित्रीकरण बघून काय करायचं. त्याने मग मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउनची गोष्ट काढली. न्यूयॉर्कची ही परिचारिका. तिच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा आडनिड्या, ती बऱ्याचदा घरी एकटी असायची. दोघांनी मिळून दारामागे सरकणारा कॅमेरा, आत पडदा, बाहेरच्याशी बोलायची सोय आणि दूरवरून दार उघडायचं बटण अशी यंत्रणा आखली. १९६६ साली अर्ज केला, १९६९ साली पेटंट मिळालं. "तिला चित्रीकरण नको होतं, दारात कोण आहे ते विचारायचं होतं," असं नवरा म्हणाला, आणि माझंच हत्यार माझ्यावर चाललं. कॅमेरा आला.

अट एकच घातली, डब्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा. २०१६ साली मिराय नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, ते कारखान्यात ठेवलेले पासवर्ड लोकांनी बदललेच नव्हते म्हणून. घराची राखण करायला आणलेल्या डोळ्यातून दुसराच कोणी आत बघत बसला तर काय उपयोग?

फोटोंचं प्रकरण याहून अवघड निघालं, कारण तिथे गुन्हेगार घरचेच होते. सुतार गेल्यावर नवऱ्याने नव्या कुलपाचा किल्लीसकट फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. किल्लीचे दात स्पष्ट दिसत होते. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोतल्या संगणकशास्त्रज्ञांनी सुमारे ६० मीटरवरून काढलेल्या फोटोवरून किल्लीचे खाचखळगे मोजून दाखवले होते, आणि इथे तर जवळून काढलेला, उजेडातला, दोन्ही बाजूंचा फोटो. तो काढून टाकायला लावला. ग्रुपमध्ये १४० माणसं आहेत, त्यातली निम्मी मी ओळखत नाही. मुलाने त्याची जुनी सायकल विकायला काढली होती, त्या फोटोच्या फाईलमध्ये आमच्या अंगणाचे अक्षांश-रेखांश बसलेले. फोनच्या कॅमेऱ्याला ठिकाणाची परवानगी दिलेली असली की हे होतं. ती परवानगी तिघांच्याही फोनवर बंद केली. फिरायला गेल्यावर फोटो काढा हवे तेवढे, टाका परत आल्यावर, असा नियम केला. नवऱ्याला हे बंधन कुलपाच्या खर्चापेक्षा जड गेलं.

इथपर्यंत सगळा विचार चोराचा चालला होता. पाण्याकडे लक्ष गेलं ते योगायोगाने. कागदावर "व्हॉल्व्ह कुठे आहे" असं लिहिताना वाटलं, एकदा बंद करून बघावा. फिरवला, हलेना. नवऱ्याने जोर लावला, हलेना. चाकाचा तो जुना व्हॉल्व्ह कितीतरी वर्षं कोणी हलवलाच नव्हता, आत क्षार साचून तो घट्ट बसला होता. आम्ही घरात असताना पाईप फुटला असता तरी पाणी थांबवायची सोय नव्हती आमच्याकडे. प्लंबरने तो काढून दांडीचा बॉल व्हॉल्व्ह बसवला. तो पाव वळण दिलं की बंद होतो, आणि दांडी पाईपला आडवी दिसली म्हणजे पाणी बंद, हे लहान मुलालाही कळतं.

प्लंबर आलाच होता म्हणून वॉशिंग मशीनच्या मागचा पाईप दाखवला. रबरी पाईपला एका ठिकाणी फुगवटा आलेला. मशीन चालू असो-नसो, त्याचा नळ उघडा असला की त्या पाईपवर पाण्याचा दाब चोवीस तास असतो. आमचा नळ मशीन घेतल्यापासून कोणी बंद केलेला नव्हता. पाईप बदलला. मग मी हिशेब मांडत बसले. एका थेंबात पाव मिलिलिटर पाणी धरलं आणि सेकंदाला एक थेंब गळला, तर दिवसाला एकवीस लिटरपेक्षा जास्त होतं आणि पंधरा दिवसांत सव्वातीनशे लिटर. हा झाला नुसता ठिबकणारा नळ. फुटलेला पाईप मिनिटाला कित्येक लिटर पाणी ओततो आणि ते बघायला घरात कोणी नसतं. चोर निदान आला की जातो तरी.

प्लंबरचीच आणखी एक सूचना, बाथरूमच्या जाळीखाली पाईपचा जो बाक असतो, त्यातलं पाणी बरेच दिवस वापर नसला की सुकतं, आणि मग गटाराचा वास आणि झुरळं थेट वर येतात. निघताना तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर तेल सोडायचं, म्हणजे ते उडून जात नाही. मागच्या वर्षी परत आल्यावर घरात कसला वास येत होता, ते एका वर्षाने कळलं.

विजेचं काम त्या मानाने पटकन झालं. फ्रीज आणि राउटरचं सर्किट सोडून बाकीचे स्विच मीटरपाशीच पाडायचे असं ठरलं. विजेची गळती झाली तर पुरवठा तोडणाऱ्या यंत्राला तपासणीचं बटण असतं, ते दाबून बघितलं, टक्कन पडलं. एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा बोर्ड आणि त्यात तिसरा अशी मुलाच्या टेबलाखाली माळ होती, ती सोडवली. चार्जर, पॉवर बँक सगळं सॉकेटमधून काढून ठेवलं. धूर ओळखणाऱ्या गजराचं बटण दाबल्यावर तो वाजला खरा, पण मागची तारीख अकरा वर्षांपूर्वीची होती. हे गजर दहा वर्षांनी बदलायचे असतात, तेव्हा नवा घेतला. गॅसचा रेग्युलेटर निघायच्या दिवशी बंद करायचा. दागिने आणि कागदपत्रं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली, महागाच्या वस्तूंचे नंबर लिहून फोटो काढून ठेवले. यात सांगण्यासारखं काही नाही, करून टाकायचं.

दिव्याचं मात्र सांगायला हवं. बंद घरात चोवीस तास जळणारा दिवा म्हणजे "आम्ही नाही" अशी पाटीच. म्हणून बैठकीतल्या दिव्याला टायमर लावायचं ठरलं. मी मुद्दाम साधा, चाकाचा टायमर आणला. गोल तबकडी, कडेने ९६ छोट्या पट्ट्या, एकेक पट्टी पंधरा मिनिटांची. ज्या वेळेच्या पट्ट्या दाबाल त्या वेळात दिवा लागतो. नवऱ्याला फोनवरून चालणारा हवा होता. मी म्हटलं, जितकं साधं तितकं बरं, बिघडायला त्यात आहेच काय? संध्याकाळी सात ते साडेदहा अशा पट्ट्या दाबून तो फ्रीजच्याच सर्किटवर लावला.

शेवटची युक्ती काकूंची. वाटीत पाणी घेऊन फ्रीझरमध्ये बर्फ करायचा आणि त्यावर एक नाणं ठेवून जायचं. परत आल्यावर नाणं वरच असलं तर ठीक. तळाशी गेलेलं असलं तर मधे वीज इतका वेळ गेली होती की बर्फ वितळला आणि पुन्हा जमला, मग आतलं सगळं न बघता फेकायचं. फ्रीज तर आम्ही जवळजवळ रिकामाच केला होता, पण नाण्याचा मान मुलाला हवा होता.

निघायच्या सकाळी यादी हातात घेऊन फिरले. गॅस, पाणी, स्विच, खिडक्यांचे दांडे, मागच्या दाराचा बोल्ट, आणि हो, वरखाली कड्या. या वेळी त्या मीच लावल्या आणि लावतानाचा फोटो काढला, पुरावा म्हणून.

आठव्या रात्री नवऱ्याचा फोन थरथरला. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. कॅमेऱ्याने सूचना पाठवली होती, दारात हालचाल. अंधारात फोनचा पडदा उघडला तर आमच्या पायरीवर एक माणूस. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात काठी. माझ्या पोटात गोळा आला. तो माणूस टॉर्च खिडकीवर मारत होता. मग तो वळला आणि पायजमा ओळखीचा निघाला.

"काका!" नवरा नकळत कॅमेऱ्याच्या स्पीकरमधून ओरडला.

काका जागच्या जागी उडाले. काठी पडली. "कोण? तू आत कसा?"

"आत नाही काका, फोनवरून बोलतोय. काय झालं?"

"तुमच्या घरात दिवा लागलाय. दोन वाजता. मी झोपेतून उठलो, बघतो तर बैठकीत लख्ख उजेड." मागे कुंपणाशी काकू आणि समोरच्या घरातला मुलगा उभे दिसत होते. एकट्याने जायचं नाही हे काकांनी पाळलं होतं. मागचं दार, गच्चीचं दार, खिडक्या सगळं बाहेरून तपासून झालं होतं, कुठे काही हललेलं नव्हतं. नवरा एक क्षण थांबला, मग हळूच म्हणाला, "काका, आज वीज गेली होती का हो?"

"सकाळी सातला गेली ती दोनला आली. दुरुस्ती होती."

सात तास. तबकडीचा टायमर विजेवरच फिरतो. वीज गेली की तो तिथेच थांबतो आणि आली की तिथूनच पुढे चालू लागतो. संध्याकाळी सातचा दिवा रात्री दोनला लागला होता. बिघडायला त्यात आहेच काय, असं जे मी म्हटलं होतं, ते नवऱ्याने त्या रात्री उच्चारलं नाही. दुसऱ्या दिवशी चार वेळा उच्चारलं.

पंधराव्या दिवशी परत आलो. नाणं बर्फावर होतं तिथेच होतं. सात तासांत बंद फ्रीझरमधला बर्फ काही वितळला नव्हता. बाथरूममध्ये वास नव्हता. दोरीवर काकूंची निळी चादर होती, ती घडी करून द्यायला आणि लाल दोऱ्याची किल्ली परत घ्यायला मी शेजारी गेले.

काकांनी चादर घेतली, किल्ली दिली नाही. "राहू दे ती आमच्याकडेच," म्हणाले, आणि खुंटीवरून दुसरी एक किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. तिला हिरवा दोरा होता. "पुढच्या आठवड्यात आम्ही चाललोय, दहा दिवस. आणि ते टायमर-बियमर नको हं. दिवा तूच येऊन लाव."